टिकटिकबाई आणि लोकरीचा पायमोजा

टिकटिकबाई रस्त्याच्या एका कडेनं येताना दिसल्या की काही पुरुष मुकाट्यानं दुसऱ्या कडेला जातात. भाजीवाला त्यांना न विचारता चार मिरच्या जास्त टाकतो आणि मान वर करत नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर बाई लिफ्टमध्ये शिरल्या की जिन्यानं जातात. पोस्टमास्तरांना तीन नातवंडं आहेत, तरीही.

बाईंना याचं काही वाटत नाही. यातल्या कोणाला त्या ओळखत नाहीत. त्यांची ओळख होते ती भिंगाखाली, आणि तीही नंबरानं. पण हे त्या पुरुषांना कोण पटवून देणार?

बाईंचं काम शुक्रजंतू मोजण्याचं. पुरुषांच्या वंध्यत्वावर वनौषधींचं संशोधन करणारी एक संस्था आहे, तिथं त्या लग्नानंतर लागल्या त्या आजतागायत. इमारत पूर्वी बटणांच्या कारखान्याची होती. अजूनही फरशीच्या फटीत झाडू घातला की एखादं शर्टाचं बटण निघतं. पुढे डॉक्टरांची खोली आणि बाहेर बाकडी. शेजारी मोजणीची खोली, तिला भिंतीत एक लाकडी झडपेची खिडकी. माणूस खिडकीपाशी डबी देतो, शिपाई नाव काढून नंबर चिकटवतो आणि डबी झडपेतून आत सरकवतो. आत बाई, त्यांचा सूक्ष्मदर्शक आणि उजव्या मुठीत मावणारं पोलादी मोजयंत्र. एक जंतू दिसला की अंगठ्यानं एकदा दाबायचं. टिक. बाईंचा अंगठा आता सरळ होत नाही, आणि नावाचा इतिहास एवढाच.

कामाच्या बाबतीत बाई कडक. भिंगाखालच्या काचेवर बारीक चौकड्या आखलेल्या असतात. चौकडीच्या आतला जंतू धरायचा. वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेला धरायचा. खालच्या आणि उजव्या रेघेवरचा सोडून द्यायचा, नाहीतर शेजारच्या चौकडीत तोच पुन्हा मोजला जातो. "रेघेवरचा म्हणजे शेजाऱ्याचा," असं बाई नव्या माणसांना शिकवायच्या. "शेजाऱ्याचं आपण आपल्या घरात मोजत नाही." जंतूंना त्या मंडळी म्हणतात. आज मंडळी सुस्त आहेत. आज मंडळी नुसती जागच्या जागी गिरक्या घेताहेत, कामाचं कोणी नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षी संस्थेत एका मुळीची चाचणी सुरू झाली होती. मुळी कोणती, हे बाहेर सांगायचं नाही असं ठरलेलं. निम्म्या पुरुषांना मुळीच्या चूर्णाच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या, पण रंग, वास, कडवटपणा सगळं सारखं. कोणाला काय मिळालंय हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्याला नाही आणि मोजणाऱ्यांना तर नाहीच. अधेमधे यायचं, डबी द्यायची, पुढच्या कॅप्सूल घ्यायच्या. बाहेरच्या बाकड्यांवर पुरुष एकमेकांच्या कॅप्सूल हुंगत बसायचे. एकानं तर आपली फोडून कुंडीतल्या रोपाला घातली. रोप फोफावलं. तेव्हापासून तो स्वतःला नशीबवान समजत होता, पण त्यानं कॅप्सूल रोपालाच घातल्या, स्वतः घेतल्याच नाहीत, हे डॉक्टरांना फार उशिरा कळलं.

प्रत्येक डबीतला नमुना दोघं जण वेगवेगळे मोजत. एक बाई. दुसरे सावकाशराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्यांच्या बायकोचाही आता त्याच नावावर विश्वास बसलाय. बाईंच्या तीन टिका होईपर्यंत सावकाशरावांची एक व्हायची. दोघांचे आकडे आपापले डॉक्टरांकडे जात. दोघांच्यात थोडा फरक चालतो, फार पडला तर दोघांनी पुन्हा मोजायचं. गेल्या कित्येक वर्षांत पुन्हा मोजायची वेळ क्वचितच आली होती.

इतकं सगळं ठाकठीक असताना बाईंचं घोडं अडलं होतं ते घरात.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. सून कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही तर दोनदा. सगळं उत्तम निघालं. राहिला मुलगा. तो काही केल्या तपासून घेईना.

कारण उघड होतं. मोजणार कोण? आई.

"दुसरीकडे जा ना मग," सून म्हणायची.

दुसरीकडे म्हणजे मोठ्या इस्पितळात. तिथं मोजणारा बाईंच्याच हाताखाली शिकलेला. काही अडलं की बाईंना फोन करून विचारायचा. मुलगा म्हणे, "तो फोन करेल आणि म्हणेल, बाई, एक नमुना जरा विचित्र आहे. आणि आई जेवता जेवता त्याला माझंच समजावून सांगेल."

हे अगदीच खोटं नव्हतं.

बाईंची पंचाईत वेगळीच होती. दिवसभर त्या बाकड्यावरच्या सासवांना सांगायच्या, "सुनेला काय विचारता? निम्म्या वेळी कारण पुरुषाकडे असतं. आधी मुलाला पाठवा." सासवा गप्प होत. संध्याकाळी घरी येऊन तेच वाक्य स्वतःच्या मुलाला म्हणायचं म्हटलं की बाईंच्या तोंडाला कुलूप. परक्याच्या पोराचं मोजायला हात चालतो. आपल्या पोराचा आकडा काय निघेल, या विचारानंच अंगठा आखडतो. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

भोगत होती सून. बाईंची थोरली बहीण दर रविवारी फोन करायची आणि दर महिन्याला पुड्या नाहीतर काढ्याच्या बाटल्या पाठवायची. कधी कोणा जाणत्याची, कधी कोणा साधूची, एकदा तर घोड्यांच्या डॉक्टरची. सगळ्या सुनेच्या नावानं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बाटल्यांची रांग लागली होती. सून त्या रांगेला 'मावशींचं दुकान' म्हणायची. चवीला एकापेक्षा एक. तरी ती त्यातल्या काही घ्यायची, कारण न घेतल्या तर फोनवर अर्धा तास जास्त जायचा.

"आई, तुमच्या संस्थेत निदान पिठाच्या कॅप्सूल असतात," ती एकदा म्हणाली. "मला तेवढ्या तरी आणून द्या. निदान पोटाला त्रास नाही."

बाई हसल्या, पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आणि मग एके दिवशी झडपेतून पायमोजा आला.

नमुना अंगाच्या उबेत आणायचा असतो, गार पडला की मंडळी मलूल होतात. म्हणून कोणी डबी शर्टाच्या आतल्या खिशात आणतो, कोणी काखेत धरतो, कोणी रुमालात गुंडाळतो. गुंडाळलेलं फडकं खिडकीपाशीच काढून घ्यायचं असा नियम. पण ही डबी पायमोज्यात अशी गच्च बसली होती की शिपायाला ओढून काढायची भीती वाटली. मागे एकदा त्याच्या हातून एक डबी सांडली होती आणि त्या माणसानं जे काही ऐकवलं होतं ते तो अजून विसरला नव्हता. त्यानं वरून नंबर चिकटवला, सत्तेचाळीस, आणि डबी पायमोज्यासकट आत सारली.

बाईंनी पायमोजा पाहिला आणि त्या बसल्या जागी ताठ झाल्या.

राखाडी लोकर. टाचेला हिरवा पट्टा, कारण टाचेपाशी राखाडी लोकर संपली होती. बोटांपाशी एक टाका सुटून पुन्हा धरलेला. हा पायमोजा त्यांनीच विणला होता. लिफ्टच्या खड्ड्यात गारठा फार, म्हणून मुलासाठी.

बाईंनी डबी बाहेर काढली, पायमोजा घडी करून झडपेतून परत दिला आणि खुर्चीत जरा वेळ नुसत्या बसून राहिल्या. म्हणजे पोरगा आला. आईला न सांगता, मागच्या दारानं, चाचणीत नाव घालून, नंबराच्या आड लपून आला. वेडा नाही आपला मुलगा. नंबर असला की आई मोजेल आणि आईला कळणार नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब चांगला होता, फक्त पायमोजा आड आला.

त्या दिवशी बाईंचा हात प्रामाणिक राहिला. आकडा कमी निघाला. बराच कमी. बाईंनी तो कागदावर लिहिला आणि चहा न पिता घरी गेल्या.

घरी मुलगा नेहमीसारखा पाय पसरून बसला होता. बाईंनी त्याच्या ताटात जास्तीचं वाढलं. मग त्याच्याकडे बघत बसल्या.

"काय बघतेस?" मुलगा म्हणाला.

"काही नाही. खा."

"आई, मी काय केलंय?"

"तू काही केलं नाहीस. चांगलंच केलंस."

मुलानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खांदे उडवले.

पुढच्या खेपेला सत्तेचाळीस पुन्हा आला, पायमोजा घालूनच. बाईंनी काच लावली, भिंगाला डोळा लावला. चौकडीच्या उजव्या रेघेवर एक जंतू बसला होता. नियमानं तो शेजाऱ्याचा.

बाई थबकल्या. एवढा इथवर आलाय बिचारा, असं त्यांच्या मनात आलं. आणि अंगठा दबला. टिक.

एकदा दार किलकिलं झालं की मग काय. खालच्या रेघेवरचाही घेतला. कोपऱ्यातलाही घेतला. एक जागच्या जागी डुलत होता, तो पुढे निघालाच आहे असं धरून चालणाऱ्यांत टाकला. दुसऱ्या एकाला बाई बराच वेळ बघत राहिल्या, हलतोय का, हलतोय का, आणि टेबलाला त्यांचंच कोपर लागून काच हलली तेव्हा तो हलला. तोही घेतला. उभ्या आयुष्यात ज्या बाईनं कोणाच्या बापाला एक टिक जास्त दिली नव्हती, तिनं सत्तेचाळीसची सगळी वरात मांडवात घेतली.

आकडा छान आला. बाई आनंदानं घरी गेल्या. आपण तो आनंद स्वतःच तयार केलाय, हे त्यांच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण पोराला गुण येतोय असं दिसलं की आईचं डोकं तेवढ्यापुरतं बाजूला बसतं.

सुनेला त्यांनी आडून आडून विचारलं. दोघी वाळलेले कपडे घडी करत होत्या.

"अगं, ते राखाडी पायमोजे दिसत नाहीत."

सुनेचा हात थांबला. "कुठले?"

"मी विणलेले. हिरव्या टाचेचे."

"ते... असतील की. ते वापरतात ना. कामाला." सून चादर घेऊन घाईघाईनं आतल्या खोलीत गेली.

बाईंनी मनात म्हटलं, दोघांचं संगनमत आहे तर. बरं झालं. नवरा-बायकोत गुपित असावं. आणि त्यांनी लोकरीचं आणखी एक गुंडाळं आणलं.

अडचण आली ती भलत्याच बाजूनं. सत्तेचाळीसच्या आकड्यात दोघा मोजणाऱ्यांचा मेळ बसेना. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला सांगितलं. दोघांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. कोणाचा आकडा वर आणि कोणाचा खाली, हे डॉक्टर सांगत नसत. पण सांगायची गरजच काय? टिकटिकबाई चुकतील हे त्या इमारतीत कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सावकाशरावांच्या तर नव्हतंच.

एका सकाळी सावकाशराव नवा चष्मा घालून आले. काचा इतक्या जाड की त्यामागचे डोळे बशीएवढे दिसत होते.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"नजर गेली हो माझी," सावकाशराव शांतपणे म्हणाले. "डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, माझा आकडा बाईंच्या आकड्याला लागत नाही. हटून नंबर वाढवून घेतला. आता जिना दोन-दोन दिसतोय, पण काम जमेल."

"जमतंय का?"

"नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज डॉक्टरांना सांगणार आहे. मला मोजणीवरून काढा. वजनकाट्यावर बसवा, मुळ्या तोलत बसेन. निदान कोणाच्या संसाराचा आकडा माझ्या हातून चुकायला नको."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. सावकाशरावांना मोजणीची हौस होती. दिवसाला त्यांचे चारच नमुने व्हायचे, पण ते चार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"तुम्ही थांबा," त्या उठत म्हणाल्या. "आज नका सांगू. आधी मी जाऊन येते."

डॉक्टर शिस्तीचे होते आणि कमी बोलत. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पायमोजा, रेघेवरचे, डुलणारा, कोपर.

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिले.

"सत्तेचाळीस तुमचा मुलगा आहे, हे तुम्हाला कळायला नको होतं."

"हो."

"आणि मलाही कळायला नको होतं. आता तुम्ही सांगितलंत."

"हो."

"बाई, आईची माया घातली की पिठानंसुद्धा गुण येतो. म्हणून तर आपण एवढा लपंडाव मांडलाय."

डॉक्टर म्हणाले, या चाचणीची मोजणी तुम्ही आजपासून करायची नाही. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग जपून ठेवलेला असतो, तो बाहेरच्या माणसाकडून मोजून घेऊ. तुमच्या चुकीची नोंद जशी आहे तशी होईल. तुम्ही रोजचे बाकीचे रुग्ण बघा.

बाई मान हलवून बाहेर पडल्या. आणि बाकड्यांच्या वळणावर त्या थेट घराजवळच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला धडकल्या. मुलगा त्याच्याकडेच केस कापायचा.

सलूनवाला एक हात काखेत घालून उभा होता. काखेतून राखाडी लोकर डोकावत होती. टाच हिरवी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी पायमोज्याकडे पाहिलं.

"नमस्कार, बाई," सलूनवाला म्हणाला. पळून जायला वाव नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. "तुमच्याच हातचे ना हे? चिरंजीवांनी दिले. फरशीवर दिवसभर उभं राहून माझे पाय गारठतात ना. पण ह्या कामाला तर एक नंबर! डबी अशी गरम राहते की काय सांगू."

"त्यानं... दिले?"

"त्याला म्हणे चावतात. लोकर फार चावते म्हणाला. मला नाही चावत हो. आपली कातडी जाड." त्यानं आवाज उतरवला. "बाई, मला गुण येतोय असं आतून वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?"

बाईंना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

"मला काही माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "आत फक्त नंबर येतात."

आणि वळून पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"डॉक्टर, सत्तेचाळीस माझा मुलगा नाही."

डॉक्टरांनी टोपण खाली ठेवलं. "मग कोण आहे?"

"ते सांगता येणार नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"आता आहे."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "बाई, तुम्ही घरी जा. जाताना शिपायाला सांगा, उद्यापासून पायमोजा आत आला तर त्याची खैर नाही."

बाई त्या दिवशी पहिल्यांदाच उजेडी घरी पोचल्या. मुलगा दुपारच्या कामावरून आला होता. सून सुट्टीवर होती. बाईंनी पिशवी ठेवली आणि पहिलं वाक्य भलतंच तोंडून गेलं.

"लोकर चावते, हे मला बाहेरच्या माणसाकडून कळावं?"

मुलगा दचकला. "कोणी सांगितलं?"

"ते सांगता येत नाही."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. पायमोजे कोणाला दिले ते दोघांना माहीत होतं. आई कुठं काम करते तेही माहीत होतं. दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागला नाही. सुनेनं तोंडाला ओढणी लावली आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

"हसू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढचं ऐक." आणि सांगितलं. नाव न घेता, नंबर न सांगता. की एका परक्या माणसाला मी हा समजले. आणि रेघेवरचे सगळे त्याच्या पदरात टाकले. आणि सावकाशरावांना उगीच बशीएवढे डोळे घालून फिरावं लागलं.

"मला समजून?" मुलगा म्हणाला. "पण मी तर कधी दिलंच नाही."

"दिलं नाहीस म्हणून तर. दिलं असतंस तर मला अंदाज कशाला बांधावा लागला असता?"

"आणि माझं असतं तर तू खोटं मोजलं असतंस?"

"खोटं नाही. जरा ढिलं."

मुलाला हसू फुटलं. मग तो हसायचा थांबला, कारण सून थांबली होती.

"म्हणजे आई, तुम्हीसुद्धा घाबरलात," ती म्हणाली. "ह्यांना तुमची लाज वाटते, तुम्हाला ह्यांच्या आकड्याची भीती वाटते. दोघांचं एकमेकांपायी अडलंय. मध्ये मी आहे. मला तीन डॉक्टरांनी तपासलं. एकानं तर दार उघडं ठेवून तपासलं. मला लाज वाटते का, असं कोणी विचारलं? तुम्ही विचारलंत? तू विचारलंस?"

तिनं वरच्या फळीवरची एक बाटली खाली घेतली, झाकण उघडलं आणि नवऱ्याच्या नाकाखाली धरली. त्यानं मान मागे घेतली.

"हे मी सकाळ-संध्याकाळ पिते," ती म्हणाली. "कुठल्या आजारावर, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मुलगा त्या बाटलीकडे बघत राहिला. खालून लिफ्ट वर आल्याचा धक्का बसला, दार उघडून लागलं. एरवी तो लगेच म्हणाला असता, ह्या लिफ्टचा पट्टा सैल झालाय. त्या दिवशी म्हणाला, "उद्या संस्थेत येतो. पण आईनं मोजायचं नाही."

"मला कोणी मोजूच देणार नाही," बाई म्हणाल्या. "माझी लायकी आजच ठरली."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. शर्टाच्या आतल्या खिशात डबी घालून, मान खाली घालून, पण पुढच्या दारानं. नमुना आत गेला. बाई पहिल्यांदाच बाहेरच्या बाकड्यावर बसल्या, सुनेशेजारी, इतर सासवांच्या रांगेत. एका सासूनं त्यांना ओळखलं आणि त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "आधी मुलाला पाठवायचं, हो ना?" बाई म्हणाल्या, "हो. सांगणं सोपं असतं."

दाराआडून आवाज येत होता. टिक.

सून वाकून कुजबुजली, "आई, तुम्हाला आवाजावरून कळत असेल ना?"

"माझ्या हाताचं कळतं. भराभर वाजलं की चांगलं, अडत वाजलं की वाईट."

दोघी ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळानं आतून आणखी एक टिक आली. सुनेचा चेहरा उतरला.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "आत सावकाशराव आहेत. ते जगात कोणाचंही असंच मोजतात. यावरून काही म्हणजे काही कळत नाही."

आणि त्या गुडघ्यावर हात ठेवून मुकाट बसून राहिल्या, बाकीचे बसतात तशा.

सावकाशराव जुना चष्मा लावून बाहेर आले आणि बाईंकडे न बघता डॉक्टरांच्या खोलीत गेले. दुसरी मोजणी डॉक्टरांनी स्वतः केली. दोघांचे आकडे जुळले. कमी होते. शून्य नव्हते. चालणारे होते, पण रमतगमत चालणारे.

मुलगा खोलीतून बाहेर आला आणि आईसमोर उभा राहिला. "फार वाईट आहे का गं?"

बाईंनी त्याला जे सांगितलं ते त्या कोणालाही सांगितलं असतं, एक शब्द इकडेतिकडे न करता. "तुझ्यापेक्षा कमी असलेल्यांच्या घरी पोरं मी पाहिलीत. तुझ्यापेक्षा जास्त असलेले अजून खेटे घालताहेत. डॉक्टर सांगतील ते कर, आणि गाडीच्या तापलेल्या सीटवर तासन्‌तास बसू नकोस."

मुलगा चाचणीत गेला. त्याला मुळी मिळाली की पीठ, हे कोणालाच माहीत नाही आणि बाईंना चाचणीच्या कागदांकडे बघायचीही बंदी आहे. नमुना नेताना तो डबी साध्या रुमालात गुंडाळतो. त्या महिन्यापासून केस कापायला त्यानं दुसरं सलून धरलंय. तेवढी सभ्यता त्याच्याकडे आहे. आणलेल्या लोकरीचा बाईंनी सावकाशरावांसाठी मफलर विणला. चावतो का, असं विचारलं, तर ते विचार करून दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हो."

रविवारी थोरल्या बहिणीचा फोन आला. सुनेनं उचलला. पलीकडून आवाज घरभर ऐकू येत होता. नवी पुडी मिळाली आहे, फार जालीम आहे, डोंगरापलीकडून आणवली आहे, सूनबाईंनी उपाशीपोटी घ्यायची.

सुनेनं फोन मुलापुढे धरला. "घे. मावशी विचारताहेत, पुडी पाठवू का."

मुलानं फोन घेतला. बाई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

"मावशी," मुलगा म्हणाला, "पाठव. पण माझ्या नावानं पाठव."

मावशी म्हणाली, "तुझ्या? का रे?"

"कारण माझे कमी आहेत," मुलगा म्हणाला. "आईच्या ऑफिसात मोजले. दोनदा."

सुनेनं स्टूल घेतलं, वर चढली आणि बाटल्या एकेक करून खाली द्यायला लागली. बाईंनी त्या घेतल्या आणि मोरीत ओतल्या. फोनवर मावशी अजून बोलत होती.

"आणि पुडी आली तरी उघडू नकोस," बाई मुलाला म्हणाल्या. "चाचणीत असताना बाहेरचं औषध चालत नाही."